उंची ठरवू नये, वाढू द्यावी : वेबपानाचे विभाग सीएसएसने रचताना

दादर परिसरातील एखाद्या सार्वजनिक वाचनालयासाठी एकपानी संकेतस्थळ तयार करायचे आहे असे धरून चालू. वर वाचनालयाचे नाव, त्याखाली सूचना, मग नव्याने दाखल झालेली पुस्तके, एका बाजूला कथा, कादंबरी, चरित्र, बालसाहित्य अशा विषयांची यादी, दुसऱ्या बाजूला वाचनालयाच्या वेळा आणि तळाशी पत्ता, एवढाच मजकूर आहे. हे पान कुणी विरार लोकलमध्ये उभ्याने, एका हातात धरलेल्या फोनवर उघडेल. ग्रंथपाल तेच पान कार्यालयातील रुंद मॉनिटरवर पाहतील. आणि एखादे ज्येष्ठ सभासद फोनमधील अक्षरे दीडपट मोठी करून वाचतील. अरुंद स्क्रीनवर सगळे विभाग एकाखाली एक लागले पाहिजेत, जागा मिळताच ते शेजारी शेजारी पसरले पाहिजेत आणि आतला मजकूर वाढला की विभागही वाढला पाहिजे. हे साधण्याची पद्धत पुढे क्रमाने दिली आहे. सीएसएस ही पानाचे रूप व मांडणी ठरवणारी भाषा. तिच्यातील प्रॉपर्टींची, म्हणजे उंची, रुंदी अशा गुणधर्मांची, नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत, जोडरेषांसह टंकावीत.

अशा पानांत जे बिघाड दिसतात त्यांतील फार मोठ्या वाट्याचे मूळ एकच असते : कुणीतरी विभागाला ठरावीक उंची दिलेली असते. सूचनांच्या विभागाचे उदाहरण घेऊ. पान तयार होत असताना तेथे ‘सोमवारी वाचनालय बंद राहील’ एवढे एकच वाक्य होते, म्हणून त्या विभागाला ‘हाइट : ८० पिक्सेल’ दिली आणि ते छान दिसले. जुलैमध्ये जोराचा पाऊस लागतो आणि कार्यालयातून नवी सूचना येते : ‘अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे वाचनालय आज दुपारी ३ वाजता बंद होईल. ज्या पुस्तकांची मुदत आज संपते त्यांवर विलंब शुल्क आकारले जाणार नाही. मुलांचा कथाकथनाचा कार्यक्रम पुढील शनिवारी होईल.’ ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर हा मजकूर सहज सहा-सात ओळींचा होतो. विभागाची पिवळी पार्श्वभूमी ८० पिक्सेलवर संपते, पण अक्षरे थांबत नाहीत. ती खाली येऊन ‘नवी पुस्तके’ या शीर्षकावर चढतात. यावर घाईने जो उपाय केला जातो, म्हणजे ‘ओव्हरफ्लो : हिडन’ (बाहेर जाणारा मजकूर लपवणे), तो मूळ दोषापेक्षा वाईट आहे, कारण आता पान नीटनेटके दिसते, पण विलंब शुल्क माफ असल्याचे वाक्य कुणालाच दिसत नाही आणि काही कापले गेले आहे हेही कळत नाही.

म्हणून पहिला नियम : मजकूर असलेल्या कोणत्याही विभागाला ‘हाइट’ देऊ नये. विभाग रिकामा-रिकामा दिसत असेल तर ‘पॅडिंग’, म्हणजे कडा आणि मजकूर यांच्यामधील आतली मोकळी जागा, वाढवावे; एका विशिष्ट उंचीपेक्षा तो लहान होता कामा नये असे वाटत असेल तर ‘मिन-हाइट’ द्यावी. किमान उंची ठरवल्यावर विभाग तेवढा तरी राहतो आणि मजकूर वाढला की त्यापुढे वाढतो.

मराठी मजकुराच्या बाबतीत हा नियम अधिकच काटेकोरपणे पाळावा लागतो. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात, खाली उकार येतात, ‘ट्ठ’, ‘द्ध’ यांसारखी काही जोडाक्षरे खाली उतरतात. इंग्रजी मजकुरासाठी रचलेल्या तयार टेम्प्लेटमध्ये मराठी शीर्षक घातले की ‘र्की’ची वरची वेलांटी किंवा ‘कृ’चा खालचा भाग कापला जाताना दिसतो, तो यामुळेच. ‘लाइन-हाइट’ एककाशिवाय, नुसत्या संख्येत द्यावी; मजकुरासाठी १.६ ते १.८ आणि शीर्षकांसाठी १.३ ते १.४ यांच्या आसपासचे मूल्य मला योग्य वाटते. नुसती संख्या दिली की प्रत्येक घटक आपल्या अक्षराच्या आकाराप्रमाणे ओळीची उंची काढतो. पिक्सेलमध्ये दिली तर मोठ्या शीर्षकालाही लहान मजकुराचीच ओळ मिळते आणि दोन ओळींचे शीर्षक एकमेकांत अडकते.

पायाभरणी

पानाचा मजकूर ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएल फाइलच्या हेडमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीच्या भागात, व्ह्यूपोर्टचा (स्क्रीनवर दिसणाऱ्या भागाचा) मेटा टॅग आहे ना, हे आधी पाहावे. त्यात रुंदी ‘डिव्हाइस-विड्थ’ आणि सुरुवातीचे झूम १ असावे. हा टॅग नसेल तर फोनवरील ब्राउझर पान डेस्कटॉपसाठी आहे असे समजतो, सुमारे ९८० पिक्सेल रुंदी गृहीत धरून ते रचतो आणि मग आक्रसून दाखवतो. पुढे लिहिलेले सगळे नियम त्यामुळे वाया जातात. त्याच टॅगमध्ये वापरकर्त्याचे झूम बंद करण्याची सोयही असते. ती कधीही वापरू नये.

त्यानंतर सर्व घटकांना ‘बॉक्स-सायझिंग : बॉर्डर-बॉक्स’ द्यावे. हे दिले नाही तर ३०० पिक्सेल रुंदीच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी २० पिक्सेल पॅडिंग दिल्यावर ती ३४० पिक्सेल जागा खाते आणि हिशेब चुकतो. चित्रांना ‘मॅक्स-विड्थ : १००%’ आणि ‘हाइट : ऑटो’ द्यावी, आणि एचटीएमएलमध्ये प्रत्येक चित्राची मूळ रुंदी व उंची लिहावी, म्हणजे चित्र येण्याआधीच ब्राउझर त्याच्यासाठी योग्य प्रमाणात जागा राखून ठेवतो आणि लोकलमध्ये नेटवर्क अडखळत असताना वाचता वाचता मजकूर खाली उडी मारत नाही. उंची देऊ नये या नियमाशी याचा विरोध नाही. चित्राचे प्रमाण ठरलेले असते, मजकुराचे नसते.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इतके केल्यावर, रचनेचा एकही नियम न लिहिता, फोनवरचे पान बहुतांशी तयार झालेले असते. हेडर, सेक्शन, फुटर हे ब्लॉक प्रकारचे घटक आहेत. ते मुळातच पूर्ण रुंदी घेतात, एकाखाली एक लागतात आणि मजकुराप्रमाणे वाढतात. विभाग एकावर एक रचणे ही सीएसएसकडून करून घेण्याची गोष्ट नाही, ती ब्राउझरची सहज वृत्ती आहे. आपण लिहिलेले नियमच ती बिघडवतात. म्हणून आधी अरुंद स्क्रीनसाठीचे, म्हणजे जवळजवळ काहीच नसलेले, सीएसएस लिहावे आणि रुंदी वाढल्यावर काय बदलेल तेवढेच मीडिया क्वेरीत, म्हणजे स्क्रीन ठरावीक रुंदीची असेल तरच लागू होणाऱ्या नियमांच्या गटात, घालावे. उलट दिशेने, म्हणजे आधी तीन कॉलम मांडून मग फोनसाठी ते मोडत बसण्यात, दुप्पट कोड लागतो आणि काही ना काही मोडायचे राहूनच जाते.

हे इतके सोपे असेल तर इंटरनेटवर याविषयी एवढे किचकट उपाय का सापडतात, असा प्रश्न नवशिक्याला पडतो. त्याचे कारण ऐतिहासिक आहे. पूर्वी कॉलम मांडण्यासाठी टेबल किंवा ‘फ्लोट’ (घटकाला डाव्या वा उजव्या कडेला सरकवणारी प्रॉपर्टी) वापरावे लागत. फ्लोट केलेला घटक सामान्य प्रवाहातून बाहेर पडतो, त्यामुळे त्याला धरणाऱ्या विभागाची उंची शून्यावर येते; ती परत आणण्यासाठी ‘क्लिअरफिक्स’ नावाची क्लृप्ती जन्माला आली. शेजारच्या कॉलमांची उंची समान दिसावी म्हणून वेब डिझायनर डॅन सीडरहोम यांनी २००४ मध्ये पार्श्वभूमीच्या चित्राने कॉलमांचा आभास निर्माण करण्याची युक्ती मांडली होती आणि ती पुढे कित्येक वर्षे वापरली गेली. वेब डिझायनर एथन मार्कॉट यांनी मे २०१० मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ ही, म्हणजे स्क्रीनप्रमाणे बदलणाऱ्या पानाची, कल्पना मांडली तेव्हाही हाताशी साधन फ्लोटचेच होते. ओळी आणि कॉलम यांत पान मांडणारी सीएसएसची सोय, म्हणजे ग्रिड, मात्र मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्हींत एकाच महिन्यात उपलब्ध झाले. त्यामुळे आज पानाच्या रचनेसाठी फ्लोट वापरण्याचे कारण उरलेले नाही; चित्राभोवती मजकूर वाहता ठेवणे हे त्याचे मूळ काम, तेवढ्यापुरतेच ते ठेवावे.

फुटर तळाशी राहण्यासाठी

सूचना नाही, नवी पुस्तकेही कमी, अशा दिवशी मोठ्या मॉनिटरवर मजकूर अर्ध्यातच संपतो आणि वाचनालयाच्या पत्त्याची तळपट्टी, म्हणजे फुटर, पानाच्या मध्यावर तरंगत राहते. त्यासाठी बॉडीला, म्हणजे संपूर्ण पान धरणाऱ्या घटकाला, ‘डिस्प्ले : फ्लेक्स’ (आतले घटक एका रांगेत मांडणारी पद्धत), ‘फ्लेक्स-डायरेक्शन : कॉलम’ आणि किमान उंची द्यावी, आणि मधल्या ‘मेन’ घटकाला ‘फ्लेक्स-ग्रो : १’ द्यावे. उरलेली सर्व उभी जागा मेन घेतो आणि फुटर तळाशी ढकलला जातो. मजकूर वाढला तर फुटर त्याच्यासोबत खाली सरकतो. फुटरला ‘पोझिशन : अ‍ॅब्सोल्यूट’ देऊन तळाला चिकटवण्याची जुनी पद्धत येथे टाळावी, कारण लांब मजकुराच्या दिवशी तो फुटर मजकुरावर बसतो.

किमान उंची दोन ओळींत लिहावी : आधी ‘मिन-हाइट : १०० व्हीएच’ आणि लगेच खाली ‘मिन-हाइट : १०० डीव्हीएच’. फोनमध्ये ब्राउझरची वरची, संकेतस्थळाचा पत्ता दाखवणारी पट्टी स्क्रोल करताना आत-बाहेर होते. ‘व्हीएच’ (स्क्रीनच्या उंचीचा शंभरावा भाग) हे एकक ती पट्टी लपलेली असतानाची मोठी उंची धरते, म्हणून पान उगाचच थोडे जास्त लांब होते. ‘डीव्हीएच’ त्या क्षणी खरोखर दिसणारी उंची धरते. २०२२ च्या अखेरपर्यंत प्रमुख ब्राउझरांत ते आले. त्याआधीचा ब्राउझर अनोळखी ओळ गाळून पहिलीच पाळतो, त्यामुळे जुन्या फोनवरही काही बिघडत नाही. ‘हाइट : १००%’ लिहून हेच साधेल असे अनेकांना वाटते, पण टक्क्यांतील उंची वरच्या घटकाची उंची निश्चित असेल तरच लागू होते, आणि आपण तर उंची निश्चित करायचीच नाही असे ठरवले आहे.

येथे एक खाचखळगा आहे. फार रुंद स्क्रीनवर ओळी लांबलचक होऊ नयेत म्हणून मेनला ‘मॅक्स-विड्थ’ आणि मध्यावर आणण्यासाठी डावी-उजवी ‘मार्जिन : ऑटो’ (मार्जिन म्हणजे घटकाबाहेरची मोकळी जागा) दिली जाते. साध्या ब्लॉकवर हे चालते. पण फ्लेक्सच्या आत ऑटो मार्जिन आले की घटकाचे आडवे ताणले जाणे थांबते आणि मेन आपल्या मजकुराएवढाच अरुंद होतो. सूचना लहान असेल त्या दिवशी अख्खे पान आक्रसल्यासारखे दिसते. मेनला सोबत ‘विड्थ : १००%’ दिली की हा दोष जातो.

दोन कॉलम, तीन कॉलम

मेनच्या आत तीन विभाग आहेत : सूचना व नवी पुस्तके मिळून मुख्य विभाग, वेळांचा विभाग आणि विषयांची यादी. एचटीएमएलमध्ये ते याच क्रमाने लिहावेत, कारण फोनवर ते याच क्रमाने दिसणार आणि स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे साधन) ते याच क्रमाने वाचणार. रुंद स्क्रीनवर यादी डावीकडे दिसावी म्हणून एचटीएमएलमध्ये ती आधी लिहिली, तर फोनवर सभासदाला सूचनेपर्यंत पोहोचण्यासाठी तीस-चाळीस विषय ओलांडावे लागतील.

आता मीडिया क्वेरी लिहावी : किमान रुंदी ४८ रेम, म्हणजे नेहमीच्या सेटिंगमध्ये ७६८ पिक्सेल. एकक रेम ठेवण्याचे कारण असे की मीडिया क्वेरीतील रेम वापरकर्त्याने ब्राउझरमध्ये ठरवलेल्या अक्षराच्या आकारावर मोजला जातो. कुणी अक्षरे मोठी केली असतील तर त्याच स्क्रीनवर दोन कॉलम कोंबण्याऐवजी पान एकेरीच राहते, आणि त्याला हवे असते तेही तेच. या क्वेरीत मेनला ‘डिस्प्ले : ग्रिड’ द्यावे, पहिला कॉलम १४ रेम आणि दुसरा ‘मिनमॅक्स (०, १ एफआर)’, म्हणजे किमान शून्य आणि कमाल उरलेल्या जागेचा एक वाटा, ठेवावा, आणि ‘ग्रिड-टेम्प्लेट-एरियाज’मध्ये नावे लिहून नकाशा काढावा : पहिल्या ओळीत यादी आणि मुख्य, दुसऱ्या ओळीत वेळा आणि पुन्हा मुख्य. मुख्य विभाग अशा रीतीने उजवीकडे दोन्ही ओळी व्यापतो, तर डावीकडे यादी वर आणि वेळा खाली येतात.

हे चालवून पाहिल्यावर यादी आणि वेळा यांच्यामध्ये मोठी मोकळी जागा पडलेली दिसेल. मुख्य विभाग उंच आहे. त्याची जास्तीची उंची ग्रिड दोन्ही ऑटो ओळींत सारखी वाटून देते, त्यामुळे यादीची ओळ फुगते आणि वेळा खाली ढकलल्या जातात. ‘ग्रिड-टेम्प्लेट-रोज : ऑटो १ एफआर’ असे लिहिले की पहिली ओळ यादीएवढीच राहते आणि उरलेली सगळी उंची दुसरी ओळ घेते. ही एक ओळ माहीत नसल्यामुळे अनेक जण ऋण मार्जिन देऊन वेळांचा विभाग वर ओढतात आणि यादीत एक विषय वाढला की ते पुन्हा बिघडते.

७० रेमच्या पुढे तिसरा कॉलम काढावा : १४ रेम, मिनमॅक्स (०, १ एफआर) आणि १६ रेम, आणि नकाशा एकाच ओळीचा. येथे तिन्ही विभागांची उंची आपोआप समान होते, कारण ग्रिड आणि फ्लेक्स या दोहोंतही ‘अलाइन-आयटम्स’चे मूळ वर्तन ताणण्याचे असते. जे काम २००४ मध्ये चित्र लावून करावे लागे ते येथे काहीही न लिहिता होते. विभागांना पार्श्वभूमी असेल तर हे हवेच असते. नसेल आणि प्रत्येकाने मजकुरापुरतेच राहावे असे वाटत असेल तर ‘स्टार्ट’ द्यावे. दोन विभागांमधील अंतर नेहमी ‘गॅप’ने द्यावे, मार्जिनने नाही, गॅप फक्त विभागांच्या मध्ये येतो, कडेला येत नाही, आणि पान एकेरी झाले तरी शेवटच्या घटकाखाली नको असलेली जागा उरत नाही.

‘१ एफआर’ एवढेच न लिहिता ‘मिनमॅक्स (०, १ एफआर)’ का लिहिले, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण आडवे स्क्रोल लागण्याचे हे सर्वांत लपलेले कारण आहे. फ्लेक्स आणि ग्रिडच्या आतील घटकाची किमान रुंदी मुळात ‘ऑटो’ असते, म्हणजे आतल्या सर्वांत लांब न तुटणाऱ्या गोष्टीपेक्षा तो लहान व्हायला तयार होत नाही. लोकलच्या तीन जणांच्या बाकावर चौथा बसू शकतो तो बाकीचे तिघे थोडे सरकतात म्हणून. एकानेही सरकायचे नाकारले तर चौथा अर्धा बाहेर राहतो. वेळांच्या विभागात वाचनालयाचा लांब ईमेल पत्ता किंवा सहा रकान्यांचे वेळापत्रक असेल तर तो विभाग असाच अडून बसतो आणि संपूर्ण पान फोनच्या स्क्रीनबाहेर जाते. ग्रिडमध्ये ‘मिनमॅक्स’च्या शून्याने आणि फ्लेक्समध्ये घटकाला ‘मिन-विड्थ : ०’ देऊन त्याला सरकायला लावता येते.

घटक सरकला, तरी आतल्या मजकुराचे काय करायचे ते आपणच ठरवायचे असते. वेळापत्रकाभोवती एक डिव्ह, म्हणजे साधी वेष्टनाची चौकट, घालून त्याला ‘ओव्हरफ्लो-एक्स : ऑटो’ द्यावे, म्हणजे पान जागेवर राहून फक्त तक्ता आडवा सरकतो. लांब पत्त्यांसाठी ‘ओव्हरफ्लो-रॅप : एनीव्हेअर’ वापरावे, ‘ब्रेक-वर्ड’ हे मूल्यही शब्द तोडते, पण किमान रुंदी मोजताना ते धरले जात नाही, त्यामुळे वर सांगितलेली अडवणूक तशीच राहते. ‘वर्ड-ब्रेक : ब्रेक-ऑल’ मात्र मराठी मजकुराला लावू नये. त्याने जागा असतानाही शब्द कुठेही तुटतात, आणि ‘वाचना’ एका ओळीत व ‘लय’ दुसरीत अशी वाक्ये वाचणे हा वाचकावर अन्याय आहे.

पुस्तकांच्या चौकटी

नव्या पुस्तकांच्या चौकटींसाठी मीडिया क्वेरीची गरजच नाही. यादीला ग्रिड करून कॉलमांच्या जागी ‘रिपीट (ऑटो-फिल, मिनमॅक्स (२४० पिक्सेल, १ एफआर))’ आणि १६ पिक्सेलचा गॅप द्यावा. यादीसाठी ३२८ पिक्सेल जागा असेल तर एकच कॉलम बसतो. ६०० पिक्सेलमध्ये दोन बसतात आणि प्रत्येकाला २९२ पिक्सेल मिळतात. १००० पिक्सेलमध्ये तीन बसतात. आणि १००८ पिक्सेल होताच चार चौकटींचे ९६० व तीन गॅपांचे ४८ असा हिशेब नेमका जुळून चौथा कॉलम येतो. ब्राउझर हे गणित स्वतः करतो. २४० पिक्सेलपेक्षाही कमी जागा उरण्याची शक्यता असेल तर किमान मूल्याच्या जागी ‘मिन (२४० पिक्सेल, १००%)’ लिहावे, म्हणजे चौकट बाहेर डोकावत नाही.

‘ऑटो-फिल’ऐवजी ‘ऑटो-फिट’ लिहिण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिलेला असतो. चौकटी भरपूर असतील तर दोहोंत फरक दिसत नाही. पण एखाद्या महिन्यात दोनच पुस्तके आली तर ऑटो-फिट रिकामे कॉलम मिटवून त्या दोन चौकटी अख्ख्या रुंदीवर ताणते आणि लहानशी मुखपृष्ठे प्रचंड मोकळ्या जागेत हरवतात. वाचनालयाच्या पानासाठी ऑटो-फिल हीच निवड बरोबर आहे असे मला वाटते.

चौकटींची उंची एका ओळीत समान होतेच, पण आतले ‘राखून ठेवा’ हे बटण एका चौकटीत वर, दुसरीत खाली असे दिसते, कारण एका पुस्तकाचे नाव एका ओळीत मावते आणि दुसऱ्याचे तीन ओळी घेते. येथे पुन्हा उंची ठरवण्याचा मोह होतो. त्याऐवजी प्रत्येक चौकट फ्लेक्स-कॉलम करावी आणि बटणाला ‘मार्जिन-टॉप : ऑटो’ द्यावे, उरलेली सगळी जागा बटणाच्या वर जाते आणि ओळीतील सर्व बटणे एका रेषेत येतात. फ्लेक्सच्या आत ठेवलेले मुखपृष्ठ मात्र ताणले जाऊन विद्रूप होऊ शकते, म्हणून चित्राला ‘अलाइन-सेल्फ : स्टार्ट’ द्यावे.

फ्लेक्समधील वाढीविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो, तो येथेच दूर करू. ९६० पिक्सेल रुंदीत, गॅप न धरता, तीन घटक आहेत. त्यांची ‘फ्लेक्स-बेसिस’, म्हणजे वाढण्याआधीची रुंदी, २००, ३०० आणि २०० पिक्सेल आहे आणि ‘फ्लेक्स-ग्रो’, म्हणजे वाढीतील वाटा, १, २ आणि १ आहे. मधला घटक बाकीच्यांच्या दुप्पट होईल असे वाटते, पण तसे होत नाही. ग्रो हे प्रमाण एकूण रुंदीचे नसून उरलेल्या जागेचे असते. बेसिसची बेरीज ७००, म्हणून उरले २६०. त्याचे चार भाग ६५-६५चे. अंतिम रुंदी २६५, ४३० आणि २६५. खरोखर दुप्पट हवा असेल तर बेसिस शून्य करावी, मग रुंदी २४०, ४८० आणि २४० येते. ‘फ्लेक्स : १’ लिहिल्यावर बेसिस शून्य होते आणि ‘फ्लेक्स : ऑटो’ लिहिल्यावर मजकुराएवढी राहते, एवढाच त्या दोन लघुरूपांतील महत्त्वाचा फरक आहे.

उघडणारे आणि मिटणारे विभाग

सभासदत्वाचे नियम, अनामत रक्कम, विलंब शुल्क हा मजकूर लांब असतो आणि रोज कुणाला लागत नाही. तो ‘डिटेल्स’ या घटकात ठेवावा आणि त्याचे शीर्षक ‘समरी’त लिहावे. जावास्क्रिप्ट न लिहिता तो स्पर्शाने व कीबोर्डनेही उघडतो, स्क्रीन रीडरला उघडा की मिटलेला हे कळवतो आणि उघडल्यावर खालचे विभाग आपोआप खाली सरकतात. सूचना मात्र अशा विभागात कधीही लपवू नयेत.

उघडणे हळुवार व्हावे असा आग्रह असेल तर अडचण उंचीचीच येते, कारण शून्यापासून ‘ऑटो’ उंचीपर्यंतचे संक्रमण सर्वच ब्राउझर करतात असे नाही. ‘मॅक्स-हाइट : ५०० पिक्सेल’ ही प्रचलित पळवाट म्हणजे लपवलेली ठरावीक उंचीच आहे, नियमांत दोन कलमे वाढली आणि कुणी अक्षरे मोठी केली की शेवटचे कलम कापले जाते. त्याऐवजी जावास्क्रिप्टने चालणारे बटण घेऊन, मजकुराच्या बाहेरील डिव्हला ग्रिड करावे आणि तिची ओळ ‘० एफआर’वरून ‘१ एफआर’वर न्यावी, आतल्या डिव्हला ‘मिन-हाइट : ०’ आणि ‘ओव्हरफ्लो : हिडन’ द्यावे. मजकूर कितीही असो, ओळ तेवढीच उघडते. मिटलेल्या अवस्थेत आतल्या डिव्हला ‘व्हिजिबिलिटी : हिडन’ द्यायला विसरू नये, नाहीतर कीबोर्डने फिरणारा वाचक न दिसणाऱ्या दुव्यांत अडकतो, आणि ज्यांनी हालचाल कमी करण्याचे सेटिंग निवडले आहे त्यांच्यासाठी ‘प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ क्वेरीत हे संक्रमण बंद ठेवावे. या साऱ्या खटाटोपापेक्षा साधा डिटेल्स मला अधिक पसंत आहे.

तपासणी

फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि एम ही बटणे एकत्र दाबली की फोनची रुंदी दाखवणारी चौकट येते. तेथे तयार फोनमॉडेल निवडण्यापेक्षा कडा धरून रुंदी १४०० पासून ३२० पिक्सेलपर्यंत सावकाश ओढावी, कारण बिघाड दोन ठरावीक रुंदींच्या मधेच दडलेला असतो. ३२० हा आकडा मनाचा नाही : जून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डब्ल्यूसीएजी २.१ या सुगम्यता मानकात, तक्ते आणि नकाशांसारखे अपवाद सोडता, या रुंदीला मजकूर आडव्या स्क्रोलशिवाय वाचता यावा अशी अट आहे. आडवे स्क्रोल आलेच तर तात्पुरती सर्व घटकांना लाल ‘आउटलाइन’ द्यावी. बॉर्डर देऊ नये. बॉर्डर जागा घेते आणि तपासायची रचनाच बदलते. बाहेर गेलेला घटक लगेच दिसतो. त्याला पिक्सेलमध्ये ‘विड्थ’ दिली आहे का हे आधी पाहावे, मग ‘१०० व्हीडब्ल्यू’ (स्क्रीनची पूर्ण रुंदी) वापरले आहे का हे पाहावे. विंडोजवर उभी स्क्रोलपट्टी जागा घेते आणि ‘व्हीडब्ल्यू’ ती जागा वजा करत नाही, त्यामुळे पान तेवढ्याने रुंद होते. तेथे ‘१००%’ लिहावे किंवा काहीच लिहू नये.

रुंदीनंतर मजकूर बदलून पाहावा. सूचनेच्या जागी आधी दिलेली पावसाळ्यातील तीन वाक्ये घालावीत, मग तीच दोनदा चिकटवावीत. एका पुस्तकाचे नाव वीस शब्दांचे करावे आणि दुसऱ्याचे मुखपृष्ठ काढून टाकावे. विषयांची यादी पूर्ण रिकामी करावी. शेवटी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार दुप्पट करून पान पुन्हा उघडावे. ज्या विभागातील अक्षरे कापली गेली किंवा शेजारच्यावर चढली, त्याच्या नियमांत ‘हाइट’ हा शब्द शोधावा आणि ती ओळ काढून टाकावी.